एडूच्या नावाखालची ओळ

एडू, हनीफ पेंटर दोनदा येऊन गेला.

तुझा क्रूस मी कधीच तयार करून ठेवलाय. सागवानी आहे, जुन्या ट्रकच्या फाळक्याचा, मागच्या झडपेचा. हनीफनं त्याला पांढरा रंग मारला, वर तुझं नाव इंग्रजीत काळ्या अक्षरांत लिहिलं आणि खालच्या ओळीपाशी ब्रश धरून थांबला. "चाचा, खाली काय लिवू?" मी म्हटलं, उद्या ये. उद्या आला. म्हटलं, परवा ये. तर मला म्हणतो, "चाचा, ट्रकच्या मागं काय लिवायचं याचा डायवर पन एवढा विचार नाय करत."

त्याला बिचाऱ्याला काय सांगू? या एका ओळीवर आपण दोघं म्हातारे झालो. आणि भांडण अर्ध्यात टाकून तू निघून गेलास. हा रडीचा डाव झाला.

रविवारी चर्चमध्ये तुझ्या नावाची महिन्याची प्रार्थना आहे. त्याच्या आत क्रूस रोवायला हवा. दगड मागाहून, माती बसल्यावर. लिंडा पर्थला परत जायच्या आधी गॅरेजवर आली होती. मला म्हणाली, "अंकल, तुम्ही क्रूसावर जे लिहाल तेच आम्ही दगडावर कोरू. पप्पांचं तुम्हालाच माहीत." मी म्हटलं, मुलगी तू त्याची, ठरवायचं तू. तर हसली आणि म्हणाली, "मी ठरवलं तर तुम्ही ऐकणार आहात का?" पोरगी तुझीच. स्वतः विमानात बसली आणि ही गोष्ट माझ्या गळ्यात अडकवून गेली.

त्यात इथले, पनवेलच्या उरण नाक्यावरचे गॅरेजवाले अंक काढतायत. मला म्हणाले, मिस्त्री, एडूभाईंवर दोन शब्द लिहा. दोन शब्दांत तू मावतोस होय? मी चौथीपर्यंत शिकलेला. "मिस्त्रीला सही येते आणि शिव्या येतात," असं तू येईल त्याला सांगायचास. बघ आता. हे सगळं मी माझ्या हातानं लिहिलंय. बायकोनं, सुमननं, वेलांट्या दुरुस्त केल्या, पण शब्द माझे आहेत.

जे तुला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तू मध्ये बोलू नकोस.

हा एडविन हॅझलबी. इंजिनचा माणूस. उरण नाक्यावर आमच्या दोघांचं एकच शेड. ट्रकचं खालचं सगळं त्याचं, वरचं सगळं माझं. तो चाकं आणि इंजिन बघायचा, मी लाकडाची बॉडी बांधायचो. रंगानं माझ्यापेक्षा सावळा, लुंगी लावायचा, सुके बोंबील भाजले की वासावर यायचा, आणि कोणी विचारलं की कुठले तुम्ही, तर छाती काढून सांगायचा, "आम्ही इंग्लंडचे." विचारणारा माझ्याकडे बघायचा. मी म्हणायचो, "खरं आहे. पंखा बंद केला की त्याला चक्कर येते."

पण ते खरंच होतं, तेवढं मी मानतो. याचा खापरपणजा जोसेफ हॅझलबी, कंपनी सरकारच्या वेळी बोरघाटाच्या रस्त्याच्या कामावर देखरेख करायला आलेला गोरा. रस्ता संपला, पण हा परत गेला नाही. इथल्याच एका बाईशी लग्न केलं, पनवेलच्या खाडीच्या अंगाला जमीन घेतली, आंबे लावले. तिथं आता बिल्डिंगी आहेत. तरी रिक्षावाले अजून साहेबाची वाडी म्हणतात. पुढच्या पिढ्यांनी गोव्याच्या, वसईच्या, उरणच्या बायका केल्या. गोरेपणा पातळ होत होत एडूपर्यंत येताना संपला. उरलं आडनाव, आणि उरली कबरीवरची ओळ.

ही ओळ म्हणजे त्यांच्या घराची रीत. हॅझलबीच्या घरातला कोणीही मेला की दगडावर नाव आणि नावाखाली 'हॅझलबी, इंग्लंड'. कारण इंग्लंडात हॅझलबी नावाचं एक गाव आहे. घरात सगळे धरून चालले होते की गावाला आमचं नाव, म्हणजे गाव आमचं. जोसेफ तिथल्या जमीनदाराचा धाकटा मुलगा, थोरल्या भावाशी घोड्यावरून भांडून निघून आला, असं एडूच्या आजीनं सांगितलेलं. कोणाचा घोडा, कसलं भांडण, काही नाही. पण एडूच्या आजोबाच्या दगडावर, बापाच्या दगडावर, आत्याच्या दगडावर तीच ओळ. त्यातल्या एकानंही इंग्लंड पाहिलं नव्हतं. आत्या तर म्हणे मुंबईला जायला घाबरायची.

मी तुला विचारलं होतं ना, मेलेल्या माणसाचा पत्ता चुकीचा टाकला तर देवानं शोधायचं कुठं? तू चिडलास. म्हणालास, "मिस्त्री, माझ्या दगडावरही तीच ओळ येणार. लिहून ठेव." मी म्हटलं, मला कुठं लिहिता येतं?

आणि तो चमचा! तुमच्या घराण्याची खूण. चांदीचा म्हणायचास तू, दांड्यावर हरीण. "हे आमच्या जमीनदारीचं चिन्ह," असं सांगून तू तो फडक्यातून काढून दाखवायचास. मग एकदा सुमननं भंगारवाल्याकडून जुनी भांडी घेतली, त्यात तसाच चमचा. तेच हरीण, तशीच मान वळवलेली. मी तो तुझ्यासमोर ठेवला. तू दोन्ही चमचे शेजारी ठेवून बघितलेस, आणि जराही न लाजता म्हणालास, "हा आमच्याच घरून चोरीला गेला असणार." सुमन इतकी हसली की चहा उतू गेला. तू जाताना तो चमचाही घेऊन गेलास! अजून परत आलेला नाही. लिंडाला सांगून ठेवलंय.

माझं म्हणणं वेगळं होतं. मी म्हणायचो, तुझा जोसेफ बोटीवरून पळालेला खलाशी. नाहीतर जमीनदाराचा मुलगा इथं उन्हात खडी फोडून घेत बसेल कशाला? तू म्हणायचास, खलाशाला रस्त्यातलं काय कळतं? हे असं आपलं चालायचं. दुपारचा डबा उघडला की जोसेफ निघायचाच. जिवंतपणी त्या माणसाला कोणी एवढं विचारलं नसेल.

मी तुला टोचायचो, कारण मला माझ्या मुळाची खात्री होती. आम्ही वडगावकर. पिढ्यान्‌पिढ्या लाकडाचे लोक, गाड्यांची चाकं करणारे. वडगावात आमचा मान होता, मोठा वाडा नसेल पण देवळाच्या रथाचं काम आमच्याकडं होतं, हे माझ्या बापानं मला सांगितलेलं. तू एक दिवस डबा बंद केलास आणि म्हणालास, "कोणतं वडगाव?"

मी म्हटलं, कोणतं म्हणजे?

"वडगाव ढीगभर आहेत, मिस्त्री. तुझं कोणतं?"

ते बापानं कधी सांगितलंच नव्हतं. पण मी हार मानणारा माणूस नाही. म्हटलं, चल दाखवतो. आणि आपण तुझ्या त्या खोकणाऱ्या जीपमधून निघालो. बापाच्या बोलण्यात खोपोलीचं नाव यायचं, म्हणून त्या बाजूचं वडगाव धरलं. रस्ताभर मी तुला सांगत होतो, गावात शिरलो की बघ, वडगावकर आले म्हणून लोक कसे बाहेर येतात.

कोणी आलं नाही. एक कुत्रं आलं. देवळाच्या ओट्यावर एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. मी कॉलर नीट केली, नमस्कार केला आणि विचारलं, "आजी, इथं वडगावकरांची घरं कुठंशी?"

म्हातारीनं वर बघितलं. "वडगावकर? हितं कोन नाय वडगावकर."

"अहो, मोठं घराणं. लाकडाचं काम करणारे."

"आरं बाबा, वडगावात वडगावकर कशाला आसंल?" ती सूप बाजूला ठेवून हसायलाच लागली. "आमी सगले हितले. हितं म्हात्रे हायेत, पाटील हायेत, ठाकूर हायेत. जो गाव सोडून ग्येला, त्याला बाहेरची लोका वडगावकर बोलली. गावात ऱ्हाणाऱ्याला कोन गावाचा नाव लावतंय? तुजं मानूस कवा ग्येलं?"

"पुष्कळ वर्षं झाली, आजी."

"मंग आमास काय ठावं? बस, च्या पिऊन जा."

चहा दिला तिनं. तो चांगला होता, तेवढं खरं. तू बशीत ओतून फुर्रफुर्र करत पीत होतास आणि तुझे खांदे हलत होते. परत येताना मोठ्या रस्त्यापर्यंत तू एक शब्द बोलला नाहीस. मग गाडी बाजूला घेतलीस आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवून हसलास. "तुझ्या देवळाच्या रथाला चाकं होती का रे?" मी तुझ्याशी आठवडाभर बोललो नाही. तू रोज माझ्या डब्यातली भाजी तरीही खात होतास.

त्या म्हातारीचं बोलणं तेव्हा आपण दोघांनी हसण्यावारी नेलं. ते तुझ्यापर्यंत येऊन पोचेल असं मला वाटलं नव्हतं, तुलाही नव्हतं.

मधली बरीच वर्षं आपल्या पोटापाण्यात गेली. न्हावा शेव्याला डबे यायला लागले, कंटेनर रे, आणि लाकडी बॉडीच्या ट्रकांना कोणी विचारेना. डब्याला बॉडी लागत नाही. ट्रेलरवर ठेवला की निघाला. माझ्या रंध्याला गंज चढायला लागला. मी घरी सांगितलं नव्हतं, तुलाही सांगितलं नव्हतं. मी कोणाला सांगणारा माणूस नाही. एक दिवस तू मला मुद्दाम रिकाम्या डब्यांच्या यार्डात घेऊन गेलास, एका डब्याचं दार उघडलंस, आत पाय आपटलास आणि म्हणालास, "ऐक. लोखंडाचा डबा, पण जमीन लाकडाची आहे. सारखी फुटते. आणि यांच्याकडं धड सुतार नाही." एवढंच. पुढं मी किती डब्यांची जमीन बदलली, त्याचा हिशेब नाही. माझं घर त्या जमिनीवर उभं राहिलं. तुला मी कधी आभार म्हटलं नाही. तू म्हणू दिलं नसतंस, शिवी घातली असतीस. म्हणून आता म्हणतो, आता तुला शिवी घालता येत नाही.

मग तुझी बायको मेरी गेली. लिंडा पर्थला गेली. तू नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये एकटा झालास. गॅरेजवर येणं तू सोडलं नाहीस, पण हातातलं काम सोडलंस, आणि जोसेफनं तुझा पुरता कबजा घेतला. आधी ती डब्याच्या वेळची थट्टा होती. आता तू मनावर घेतलंस. "मिस्त्री, मी शेवटचा हॅझलबी. लिंडाचं आडनाव बदललं. आम्ही कोण होतो ते माझ्या डोळ्यांदेखत कळलं पाहिजे." मी म्हटलं, तू एडू आहेस, अजून काय कळायचंय? तू हसला नाहीस. तेव्हा मी समजलो की हे आता चेष्टेचं राहिलेलं नाही.

लिंडा तुझ्यासाठी खास इंग्लंडला गेली. त्या गावात गेली. त्या संध्याकाळी तू मला फ्लॅटवर बोलावलंस. शर्ट इस्त्रीचा घातलास, केस चापून बसवलेस, दोन्ही चमचे टेबलावर मांडलेस. जमीनदाराचं घर दिसणार म्हणून. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. लिंडा दिसली, मागं दगडी चर्च, शेजारी एक म्हातारी मडम. लिंडाचा चेहरा बघूनच मला कळलं की काहीतरी गडबड आहे.

ती म्हणाली, "पप्पा, इथं हॅझलबी आडनावाचं एकही घर नाही."

तू म्हणालास, "गाव सोडून गेले असतील."

"कधीच नव्हतं, पप्पा. या बाई चर्चचं सगळं बघतात. त्यांनी शोधून काढलं. जोसेफ या चर्चच्या पायरीवर सापडला होता. तान्हा होता. कोणी ठेवला, कधीच कळलं नाही. त्या काळी अशी मुलं सापडली की गाव सांभाळायचं, आणि आईबाप माहीत नसले की गावाचंच नाव आडनाव म्हणून लावायचं. मोठा झाल्यावर तो काम शोधत निघून गेला."

तिनं फोन फिरवून पायरी दाखवली. साधी पायरी. दगड मधोमध झिजलेला. तू फोन हातात घेतलास, डोळ्यांजवळ नेलास, आणि लिंडा हॅलो, हॅलो करत राहिली.

मला त्या वेळी तुला टोचायला चांगली संधी होती. जन्मभर मी तिचीच वाट बघत होतो. माझा खलाशी चुकला होता, तुझा जमीनदार चुकला होता. पण ती संधी मी सोडून दिली, एडू. तू फोन ठेवलास आणि म्हणालास, "पायरीवरचं पोर. आम्ही त्याला जमीनदार केला."

मी म्हटलं, "तिथं थंडी असते ना रे फार?"

तू माझ्याकडं बघितलंस. "असते म्हणतात."

"मग कोणीतरी लवकर उचललं असणार. नाहीतर तू कुठला आला असतास?"

तू चमचे फडक्यात बांधलेस. मी घरी आलो.

त्यानंतर तू गॅरेजवर यायचा बंद झालास. सुमननं डबा पाठवला, डबा तसाच परत आला. फोन उचलेनास. मी दोनदा तुझ्या बिल्डिंगखाली येऊन परत गेलो, वर आलो नाही. काय बोलणार होतो? माझ्या मनात एकच यायचं, तुझ्या आजोबाच्या, बापाच्या, आत्याच्या दगडावरची ती ओळ. आता ती खोटी झाली, आणि तुझ्या दगडावर काय येणार? तू म्हणजे त्या ओळीवर उभा असलेला माणूस. ओळ काढली तर तू कशावर उभा राहणार?

आणि एका दुपारी तू आलास. लुंगी, बनियन, केस विस्कटलेले. शेडच्या दारातूनच ओरडलास, "मिस्त्री! वडगावात वडगावकर कशाला आसंल?"

मी रंधा टाकला.

"अरे ती म्हातारी!" तू येऊन माझ्या फळीवरच बसलास, ताज्या पॉलिशवर. "तिनं तेव्हाच सांगितलं होतं, आपण दोघं गाढवं. हॅझलबीत हॅझलबी कशाला असेल? जो गेला तो हॅझलबी. मी म्हणजे वडगावकरच झालो की रे! हॅझलबीकर!"

आणि मग तू जो हसायला लागलास, तुझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. हनीफ शेजारून ब्रश घेऊन धावत आला, त्याला वाटलं तुला झटका आला. तू त्याला जवळ घेऊन सांगत होतास, "हनीफ, आमच्या घराण्यात सगळ्यात मोठा माणूस पायरीवर ठेवलेला होता." हनीफ माझ्याकडं बघतोय, याला झालंय काय म्हणून.

निवल्यावर तू एक गोष्ट बोललास, ती माझ्या मनात राहिली. म्हणालास, "विचार कर, मिस्त्री. त्या पोराकडं काहीच नव्हतं. बाप नाही, आई नाही, कपडा असेल नसेल. गावानं त्याला आपलं नाव दिलं. एवढी एकच चीज घेऊन तो समुद्र ओलांडून आला, आणि मिळेल त्या दगडावर लिहीत सुटला. मी त्या नावाला जमीन शोधत होतो. ते नाव हीच त्याची जमीन." आणि पुन्हा तुझ्यातला एडू जागा झाला. "आमच्या गावानं आम्हाला नाव दिलं. तुझ्या वडगावनं काय दिलं? चहा."

तेव्हापासून तू परत पहिल्यासारखा झालास. पहिल्यापेक्षा चांगला, खरं तर. छाती काढून इंग्लंड सांगायचं सोडलंस. कोणी विचारलं की सांगायचास, "आम्ही पायरीवरचे." समोरचा गोंधळायचा, तू खूश.

पण मी मी आहे. मी नवीन भांडण काढलं. म्हटलं, गावानं सांभाळलं म्हणून जोसेफ हॅझलबी झाला, मग तुला कोणी सांभाळलं? पनवेलनं. तुझ्या आजोबाला, बापाला कोणी सांभाळलं? पनवेलनं. मग हॅझलबी पुरे झालं, आता पनवेलकर लाव. तू बोट नाचवलंस. "जमणार नाही. म्हातारीचा नियम मोडतो. जो गाव सोडून गेला तो गावाचं नाव लावतो. मी पनवेल कुठं सोडलंय? मी इथंच आहे."

मी म्हटलं, अरे पण तुझं म्हणायला...

"मी इथंच आहे, मिस्त्री. इथल्या माणसाला पनवेलकर म्हणत नाहीत. विचार जाऊन तुझ्या आजीला."

रोज तेच. मी विषय काढायचो, तू तेच उत्तर द्यायचास, बोंबलाचा तुकडा मोडत. शेवटच्या शनिवारीही तेच झालं. सोमवारी तू आला नाहीस. तुझ्या शेजारणीनं फोन केला तेव्हा मी आधी चिडलो. मला वाटलं, पुन्हा रुसून बसलाय.

म्हणून ही ओळ मला लिहिता येईना. 'हॅझलबी, इंग्लंड' लिहावं तर ती तुमच्या घरची रीत, तू एकेकाळी मला बजावून ठेवलेलं. आणि आता ती पूर्वीइतकी खोटीही राहिलेली नाही. माझं 'पनवेलकर' लिहावं, तर तू असताना मी जिंकलो नव्हतो. माणूस गेल्यावर त्याच्या नावावर आपला मुद्दा ठोकायचा, हे मला शोभणारं नाही. जिंकायचं तर समोरच्याचं तोंड पडलेलं बघायला मिळालं पाहिजे.

काल सकाळी मी आणि हनीफ क्रूस आणि रंग घेऊन कबरस्तानात आलो, किती खोल रोवायचा ते बघायला. मेरीच्या शेजारी तुझ्यावरची माती अजून ढिलीच आहे, शेवंती कोणीतरी ठेवून गेलं होतं. मी जोसेफच्या दगडापाशी जाऊन उभा राहिलो. इतकी वर्षं तुझ्याबरोबर आलो, पण त्याच्याकडं नीट बघितलं नव्हतं. अक्षरं निम्मी गेलीत, ओळ मात्र आहे. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण ती ओळ मला चित्रासारखी पाठ आहे. आणि उभ्या उभ्या माझ्या लक्षात आलं. त्या कबरस्तानात ती ओळ एकट्या जोसेफलाच लागू होती. हॅझलबी सोडून आलेला तो एकटाच. तुझा आजोबा, तुझा बाप, तुझी आत्या, त्यांनी हॅझलबी कुठं सोडलं? त्यांनी सोडलं ते पनवेल. आणि तेही या दगडाखाली गेले तेव्हाच.

मी तिथंच ओरडलो, "हनीफ! डबा उघड."

"कसला डबा, चाचा?"

"रंगाचा. लिही. खाली मराठीत लिही, मोठ्या अक्षरांत. पनवेलकर."

हनीफनं डबा उघडला, ब्रश बुडवला आणि पुन्हा थांबला. त्याला आता आपली सवय लागली आहे. "पन चाचा, एडूभाय बोलायचे ना, सोडून जाईल त्यालाच लावायचा म्हनून. ते गेले कुठं? कबर तर हितंच हाय."

बघ एडू. तू नाहीस तर तुझ्या बाजूनं भांडायला हा उभा राहिला. मी त्याच्याकडं बघितलं, तुझ्या मातीकडं बघितलं आणि म्हटलं, "शेडमध्ये रोज दुपारी मी दोन माणसांचा डबा उघडतो. त्याची वाटी तशीच राहते. आता सांग, गेला की नाही?"

हनीफनं ब्रश पुन्हा रंगात बुडवला. गुडघ्यावर बसला आणि लिहिलं. ट्रकच्या मागं लिहितो तसं, अक्षराच्या टोकाला जरा नक्षी काढून. मी म्हटलं, नक्षी नको. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे चाचा, एडूभायना आवडायची." राहू दिली.

तर वर तुझं नाव आहे, त्यात ते पायरीचं गाव आहे. खाली दुसरं गाव आहे, ज्यानं तुम्हा सगळ्यांना उचलून घेतलं. रविवारी प्रार्थनेआधी रोवतोय. लिंडाला फोटो पाठवलाय, तिनं उलट एक हसणारं आणि एक रडणारं तोंड पाठवलं. म्हणजे तिला पटलं असं मी धरतो.

तुला पटलं नसेल तर येऊन सांग. शेड उघडीच आहे, बोंबील भाजून ठेवतो. "मी इथंच आहे, मिस्त्री," असं म्हणत तू एकदा दारात उभा राहा, मी स्वतः रंधा मारून ती ओळ काढून टाकतो. या एका वेळी, एडू, मी हरायला तयार आहे.